घराबाहेरच्या फर्निचरसाठी ट्रीटेड लाकूड: गोव्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाल्कांवातला (दारासमोरच्या पडवीतला) बाक, परसातले जेवणाचे टेबल, कुळागरातल्या (माड-पोफळीच्या बागेतल्या) होमस्टेच्या खुर्च्या, गच्चीवरचा झोपाळा. असे काही करायला निघालेल्या माणसांचे प्रश्न बहुतेक तेच असतात. खालची उत्तरे गोव्याची हवा धरून दिली आहेत. पुण्यात दहा वर्षे टिकलेला बाक म्हापशात तेवढा टिकेल असे समजू नका.

ट्रीटेड लाकूड म्हणजे नेमके काय?

बुरशी आणि वाळवी यांना लाकूड खाता येऊ नये म्हणून त्यात दाबाने रसायन भरलेले असते, ते ट्रीटेड लाकूड. वाळवलेले लाकूड पोलादी सिलिंडरमध्ये घालून दार बंद करतात. आधी पंपाने लाकडातली हवा ओढून घेतात, मग सिलिंडरमध्ये रसायनाचे द्रावण सोडतात आणि वरून दाब देतात. हवा निघालेल्या जागेत द्रावण शिरते. ही पद्धत इंग्लंडच्या जॉन बेथेल यांनी १८३८ साली पेटंट केली. तेव्हा रसायन म्हणून कोळशाच्या डांबरापासून काढलेले क्रिओसोट वापरत. पुढे जगभर सर्वांत जास्त चाललेले तांबे-क्रोमियम-आर्सेनिकचे मिश्रण, म्हणजे सीसीए, आपल्याच देशात निघाले. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशम यांनी ते १९३३ साली तयार केले.

बाजारात मात्र आणखी बऱ्याच गोष्टी याच नावाने खपतात. भट्टीत वाळवलेले लाकूड, वाळवीच्या औषधात बुचकळून काढलेले लाकूड, वरून ब्रशने दोन हात मारलेले लाकूड, सगळे ‘ट्रीटेड’च. घरातल्या कपाटाला यातले काहीही चालून जाईल. अंगणात उभ्या राहणाऱ्या वस्तूला चालणार नाही.

वखारीत गेल्यावर काय विचारायचे?

तीन प्रश्न पुरतात. कोणते रसायन वापरले? दाबाने भरले की बुचकळले? आणि हे लाकूड जमिनीला टेकणाऱ्या कामाचे आहे की जमिनीपासून वर राहणाऱ्या? पहिल्या प्रश्नालाच ‘केमिकल मारलेय हो’ असे उत्तर आले तर पुढचे दोन विचारायची गरज नाही. लाकूड खऱ्या प्लांटमधून आले असेल तर त्या फेरीचा कागद असतो. त्यावर रसायनाचे नाव, तारीख आणि दर घनमीटर लाकडात किती किलो रसायन राहिले तो आकडा असतो. तो कागद मागा. भारतीय मानक ४०१ हे लाकडाच्या संरक्षणाबद्दलचे आहे, कागदावर त्याचा उल्लेख असला तर बरे.

रंगावर जाऊ नका. तांब्याच्या रसायनाने लाकूड हिरवट होते हे खरे, पण हिरवा रंग डब्यातही मिळतो. खात्री करायची असेल तर फळी मधोमध कापायला सांगा. टोकाशी पाहून उपयोग नाही, कारण टोकातून रसायन सहज आत जाते. मध्ये कापल्यावर कडेपासून आत काही अंतर तरी रंग गेलेला दिसायला हवा. कागदाच्या जाडीएवढी हिरवी रेघ आणि आत सगळे कोरे पिवळे असेल तर ते लाकूड बुचकळून काढलेले आहे. एक फळी वाया जाते, तिचे पैसे द्या आणि मगच बाकीचा माल उचला.

पण गाभ्यात रसायन गेलेले दिसत नाही. मग फसवले का?

असेलच असे नाही. झाडाच्या सालीखालचा फिकट भाग रस वाहून नेणारा, मोकळा असतो. तो द्रावण पितो. मधला गाभा बहुतेक झाडांत बंद झालेला असतो, त्यात दाब देऊनही फारसे काही शिरत नाही. पाइनला पसंती मिळते ती याचमुळे: त्यात फिकट भाग भरपूर असतो आणि तो रसायन चांगले धरतो. फळीत गाभ्याची पट्टी आली असेल तर ती कोरी राहणार. अशी फळी बसायच्या पट्ट्यांना वापरा, पायांना नको.

गोव्यातच एवढी काळजी कशाला?

किनारपट्टीवर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सत्तरी-सांगेकडे घाटाच्या पायथ्याशी त्याहून जास्त, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. भिजण्याने लाकडाचे तितके बिघडत नाही. न सुकण्याने बिघडते. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या खाली असेल तर कुजवणाऱ्या बुरशीला पाय रोवता येत नाहीत. आपल्याकडे जुलैत छपराखाली असलेले लाकूडसुद्धा नुसत्या हवेतून ओलावा घेऊन त्या रेषेजवळ पोचते. उघड्यावरचे तर आठवड्यांमागून आठवडे तिच्या वरच राहते. भरीला जांभ्या दगडाची जमीन. हा दगड पाणी धरून ठेवतो आणि त्यावर टेकलेला पाय ते खालून ओढून घेत राहतो.

वाळवीचे सांगायला नको. सातेरीच्या देवळात रोयणीला, म्हणजे वारुळाला, हात जोडणारे आपण, परसातल्या खांबावर वाळवीची मातीची नळी चढलेली दिसली की धावाधाव करतो.

इथे एक इशारा. ‘कळंगुटच्या शॅकमध्ये साध्या लाकडाची टेबले वर्षानुवर्षे चालतात, मग मला कशाला खर्चात घालता?’ असे लोक विचारतात. शॅक, म्हणजे किनाऱ्यावरची तात्पुरती खानावळ, पावसाआधी उतरवतात. त्या टेबलांनी पावसाळा अंगावर घेतलेलाच नसतो. तुमचा बाकही दर मे महिन्यात घरात जाणार असेल तर तुम्हालाही साधे लाकूड चालेल. बरीच घरे हा हिशेब करतच नाहीत. चार हलक्या खुर्च्या उचलून ओटीवर ठेवायला दहा मिनिटे लागतात.

सीसीए, सीसीबी, एसीक्यू, बोरॅक्स: यातले कोणते घ्यावे?

बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचे मिश्रण स्वस्त, माणसाला तुलनेने निरुपद्रवी आणि किड्यांवर जालीम. पण ते पाण्यात विरघळते. पावसात उघडे राहिले तर जसे आत गेले तसेच बाहेर येते. रबराच्या झाडाचे लाकूड आणि बांबू यांना बहुधा हेच दिलेले असते. घरात, किंवा फवारा न येणाऱ्या खोल ओटीवर उत्तम. अंगणात नाही. जाता जाता एक गंमत: लाकडात बोरॉन आहे की नाही हे प्रयोगशाळेत हळदीच्या अर्काने तपासतात. आम्लाबरोबर अर्क लावला की बोरॉन असलेला भाग लाल होतो.

सीसीए लाकडाला घट्ट चिकटून बसते, पावसात फार थोडे सुटते आणि जमिनीतल्या खांबालाही टिकवते. अडचण त्यातल्या आर्सेनिकची. अमेरिकेत २००३ अखेरीपासून उत्पादकांनी घरगुती वापराच्या बहुतेक लाकडासाठी सीसीए बंद केले. ऑस्ट्रेलियानेही २००६ पासून सहलीची टेबले, मुलांची खेळणी अशा कामांना ते नको म्हटले. आपल्याकडे ते अजून वापरात आहे. माझे मत सरळ आहे: कुंपणाचा खांब, मांडवाचा टेकू, पंपाच्या शेडचा वासा यांना सीसीए चालेल. उघड्या हातांनी धरायच्या, बसायच्या, जेवायच्या वस्तूला नको.

सीसीबीमध्ये आर्सेनिकच्या जागी बोरॉन असते. तांबे आणि क्रोमियम टिकतात, बोरॉन हळूहळू धुऊन जाते. जमिनीपासून वर असलेल्या बाकाला ते पुरते.

एसीक्यू आणि कॉपर ॲझोल ही तांब्यावर आधारलेली, आर्सेनिक आणि क्रोमियम दोन्ही नसलेली रसायने. बाहेरून येणाऱ्या पाइनमध्ये ती भेटतात. घरगुती फर्निचरसाठी माझी पहिली पसंती यांना. अट एकच, स्क्रू चांगले हवेत. त्याबद्दल पुढे.

फळीच्या टोकाला एच३, एच४ असे लिहिलेले असते ते काय?

न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातून येणाऱ्या पाइनवर ही खूण असते. एच१ आणि एच२ घरातल्या कोरड्या कामाला, एच३ उघड्यावर पण जमिनीपासून वर, एच४ जमिनीला टेकणारे किंवा पुरलेले, एच५ त्याहून कठीण जागी, एच६ समुद्राच्या पाण्यात. बाकाच्या पट्ट्यांना आणि टेबलाच्या फळीला एच३ भरपूर झाले. पाय मातीत किंवा हिरवळीवर राहणार असतील तर पायांना एच४ घ्या. सगळेच एच४ घेण्यात पैसे जातात आणि वजन वाढते, बाकी काही मिळत नाही.

वेर्णेच्या कारखान्यांतून पॅलेट (मालाखाली ठेवायच्या लाकडी चौकटी) स्वस्त मिळतात. त्यावर एचटीचा शिक्का आहे. चालतील?

हा शिक्का पाहून सगळ्यांत जास्त लोक फसतात. एचटी म्हणजे लाकूड तापवलेले आहे: गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस, सलग ३० मिनिटे. आयएसपीएम १५ हा आंतरराष्ट्रीय नियम आहे, एका देशातले किडे पॅकिंगच्या लाकडातून दुसऱ्या देशात जाऊ नयेत यासाठी. तापवल्याने तेव्हाचे किडे मरतात, उद्या येणाऱ्या वाळवीला काहीच अटकाव होत नाही. पावसाळ्याच्या दृष्टीने एचटी लाकूड म्हणजे साधे लाकूड. एमबी असा शिक्का असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिलेला आहे, तो माल घरी आणूच नका. आणि पॅलेटवर याआधी काय सांडले होते हे कोणालाच माहीत नसते.

आच्छादलेल्या गॅलरीत चार दिवस हौस म्हणून एचटीचे पॅलेट चालेल. त्यापुढे नाही.

सागवानाला ट्रीटमेंट लागते का?

गाभ्याच्या सागवानाला नाही. त्यातले तेल आणि नैसर्गिक द्रव्ये वाळवीला आणि बुरशीला पुरून उरतात. पण सागवानाचा पांढुरका भाग इतर कोणत्याही लाकडासारखाच कुजतो, आणि हल्ली मिळणारा लागवडीचा कोवळा साग, मग तो इथला असो वा आफ्रिकेतून आलेला, त्यात हा भाग बराच असतो. ‘सागवानाचा बाक तीन वर्षांत खाल्ला’ अशी तक्रार येते तेव्हा खाल्लेली पट्टी बहुधा पांढुरकीच असते. पॉलिश चढल्यावर फरक कळत नाही. म्हणून लाकूड कच्चे असतानाच पाहा आणि पांढरा भाग कापून काढायला सांगा. सुताराला ते आवडणार नाही, कारण घनफुटात तोही मोजलेला असतो.

इथल्या झाडांचे काय? माट्टी, किंदळ, फणस, माड?

माट्टी म्हणजे ऐन आणि किंदळ ही आपल्या रानातली भक्कम लाकडे. जुन्या कौलारू घरांच्या वाशा-तुळयांत ती सापडतात. गाभा मध्यम टिकाऊ, वजन भरपूर. वाळताना चिरा मात्र हमखास पडतात. सावकाश, सावलीत वाळवलेली असतील तर बाकाच्या सांगाड्याला छान. दाबाने रसायन घालण्याचा हट्ट त्यांच्या गाभ्यावर चालत नाही.

फणसाचा गाभा पिवळा, कालांतराने तांबूस तपकिरी होणारा, आणि वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. बाहेरच्या फर्निचरसाठी इतके चांगले लाकूड दारात उभे असताना लोक पाइनच्या मागे धावतात याचे मला नवल वाटते. रुंद फळ्या मिळत नाहीत ही खरी अडचण आहे, पण बाकाच्या पट्ट्यांना रुंदी लागतच नाही.

आंब्याचे लाकूड स्वस्त आणि रसायन चांगले पिणारे. दाबाने ट्रीट केलेले असेल तर चालते, कोरे असेल तर दुसऱ्या पावसात पीठ. सिल्व्हर ओकचेही तसेच.

डोंगरांवर आणि खाणीच्या ढिगाऱ्यांवर लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ, म्हणजे आकेशिया, हिचा गाभा गडद आणि कठीण असतो. खोड वाकडे, गाठी पुष्कळ, पण लहान वस्तूंना वापरण्यासारखी. पांढरा भाग तेवढा काढून टाका.

माडाचे सगळे उलटे. इतर झाडांत गाभा कठीण असतो, माडात बाहेरचा थर कठीण आणि मधला भाग मऊ. मधल्या भागाच्या फळ्या कितीही गुळगुळीत दिसल्या तरी घेऊ नका. बाहेरचा काळपट, रेघारेघांचा थर बसण्याच्या पट्ट्यांना देखणा दिसतो, मात्र ट्रीट न करता मातीला टेकवला तर माडही कुजतो.

परसातलेच झाड कापून फर्निचर केले तर?

आधी वन खात्याची परवानगी. गोवा, दमण आणि दीव वृक्ष संरक्षण कायदा १९८४ चा आहे आणि खाजगी जमिनीतल्या झाडालाही तो लागू होतो. वादळात पडलेल्या झाडाबाबतही लाकूड हलवण्याआधी विचारून घ्या. मग ओंडका चिरून, फळ्यांमध्ये पट्ट्या घालून, छपराखाली वारा लागेल असा रचून ठेवा. एक इंच जाडीच्या फळीला उन्हाळा धरून सहा महिने ते वर्ष तरी लागते. ओल्या लाकडाचे फर्निचर करून घेणारे मेस्तच्या, म्हणजे सुताराच्या, नावाने नंतर बोटे मोडतात.

जुन्या घराचे वासे किंवा रेल्वेचे जुने स्लीपर घ्यावेत का?

वासे जरूर घ्या. पन्नास-साठ वर्षे छपराखाली राहिलेले लाकूड पूर्ण वाळलेले असते, त्याला जे आकसायचे ते आकसून झालेले असते. भिंतीत गेलेली टोके कापून टाका, कूज तिथेच असते. टाचणीने टोचून पाहा, सहज आत गेली तर नको. खिळे काढल्याशिवाय करवतीवर चढवू नका.

रेल्वेच्या लाकडी स्लीपरला क्रिओसोट दिलेले असू शकते. उन्हात ते पाझरते, कपड्यांना आणि कातडीला लागते, आणि ते कर्करोगाला कारण होऊ शकणारे द्रव्य आहे. बागेच्या पायऱ्यांनाही मी ते वापरणार नाही, बसायच्या बाकाला तर प्रश्नच नाही.

ट्रीटेड फळ्या ओल्या आणि जड लागतात. खराब माल आहे का?

नाही, प्लांटमधून ताज्या आल्या आहेत. दाबाने पाणीच तर भरले आहे. ट्रीट केल्यावर पुन्हा भट्टीत वाळवलेला माल महाग असतो, पण फर्निचरसाठी तोच मागा. न मिळाल्यास पट्ट्या घालून, सावलीत, वर वजन ठेवून वाळवा. ऊन लागले तर फळी पिळवटते. गोव्यात यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने नेमके आहेत: माल दिवाळीनंतर आणायचा, काम फेब्रुवारी-मार्चमध्ये करायचे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ‘पावसाच्या आधी करून द्या’ म्हणून येणाऱ्यांना मी पुढच्या वर्षीची तारीख सुचवतो.

मेस्तने ट्रीटेड लाकूड कापले, रंधा मारला. रसायन गेले का?

जिथे कापले तिथे गेले. रसायन बाहेरच्या थरात असते, आतला कोरा भाग उघडा पडला की पाणी आणि बुरशी तिथूनच शिरतात. म्हणून शक्य तेवढे माप आधी ठरवा आणि कापायचे, भोके पाडायचे काम ट्रीटमेंटला देण्याआधी उरका. मोठे काम असेल तर प्लांटला तयार तुकडे पाठवता येतात. नंतर कापलेल्या प्रत्येक टोकाला कॉपर नॅप्थेनेटसारखे टोकांसाठीचे औषध दोन-तीन हात, शोषले जाईपर्यंत लावा. स्क्रूच्या भोकातही सोडा. रंधा हलकाच. जाडी जुळवायला दोन सूत (पाव इंच) काढले तर पैसे देऊन भरलेले तेवढे संरक्षण भुशात गेले.

स्क्रू कोणते?

इथे काटकसर नको. तांब्याचे रसायन असलेल्या ओल्या लाकडात साधा लोखंडी किंवा पिवळा जस्तलेपित स्क्रू फार लवकर गंजतो, कारण तांबे त्या लोखंडाला आणि जस्ताला गंजवते. एसीक्यूमध्ये हे सर्वांत जास्त. समुद्राची खारी हवा त्यात भर घालते. मोरजी, कोलवा, मिरामार अशा किनाऱ्यालगतच्या घरांना ३१६ दर्जाचे स्टेनलेस स्टील घ्या. फोंडा, साखळी, केपे अशा आतल्या भागात ३०४ पुरते. किनाऱ्यावर ३०४ वापरले तर त्यावर चहाच्या रंगाचे डाग येतात, मोडत मात्र लगेच नाही. ॲल्युमिनियमचे कोन एसीक्यू लाकडावर थेट बसवू नका. सागवानात किंवा माट्टीत लोखंडी खिळा मारला तर भोवती निळे-काळे डाग पडतात, ते जात नाहीत.

डिंकाचे थोडक्यात: साधा पांढरा फेविकॉल बाहेर टिकत नाही. फेविकॉल मरीनसारखा पाण्याला दाद न देणारा घ्या किंवा इपॉक्सी. आणि नुसत्या डिंकावर सांधा सोडू नका.

लाकूड चांगले घेतले तर रचनेने काय फरक पडतो?

लाकडाइतकाच, कधी जास्तच. बाक कुजायला सुरुवात होते ती पाय जमिनीला टेकतात तिथे, नाहीतर पाणी साचणाऱ्या सांध्यात. पायाच्या तळाशी लाकडाच्या नळ्या उघड्या असतात, त्या दिव्याच्या वातीसारखे पाणी वर ओढतात. पायाखाली स्टेनलेसची किंवा जाड प्लास्टिकची टाच बसवा, किंवा बाक घडीव दगडाच्या तुकड्यांवर ठेवा, आणि तळाला इपॉक्सी पाजा. बसायच्या पट्ट्यांमध्ये पाच-सहा मिलिमीटर फट सोडा. टेबलाची अखंड फळी फार सुंदर दिसते, उघड्यावर ती पाण्याचे ताट होते. कडा किंचित गोल करा, टोकदार कडेवर कोणताही लेप टिकत नाही. एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या भोकात बसवले असेल तर भोकाच्या तळाला पाणी जायला छोटे छिद्र ठेवा.

वरून काय लावावे? पॉलिश, तेल, की जळके ऑइल?

जळके इंजिन ऑइल नको. ते खोल जात नाही, कपडे काळे करते आणि पहिल्या पावसात विहिरीकडे वाहते. बैलगाडीच्या चाकाला ठीक होते.

चकचकीत वॉर्निश पहिल्या वर्षी सुंदर. पुढे उन्हाने तडा जातो, तड्यातून पाणी आत शिरते आणि लेपाखालून बाहेर पडत नाही. मग सगळे खरवडून काढावे लागते. घराबाहेर लाकडात मुरणारे तेल किंवा रंगद्रव्य असलेले स्टेन बरे. त्यातले रंगद्रव्य उन्हापासून वाचवते, दर एक-दोन वर्षांनी साफ करून वरून दुसरा हात मारता येतो. कच्चे जवसाचे तेल एकटे लावू नका, आपल्या दमट हवेत त्यावर काळी बुरशी येते. तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा.

काजूच्या टरफलांच्या तेलाबद्दल गावातली जुनी माणसे विचारतात. होड्यांच्या लाकडाला ते पूर्वापार लावत आले आहेत आणि ते वाळवीला रोखते यात शंका नाही. पण कच्चे तेल कातडी भाजते, फोड येतात. काळे, चिकट, सुकायला वेळ घेणारे. बाकाच्या पायांच्या तळाला, हातमोजे घालून लावा. बसायच्या जागी अजिबात नको.

वेळेबद्दल एक तक्रार नोंदवून ठेवतो. चवथीला (गणेशचतुर्थीला) घर लख्ख दिसावे म्हणून श्रावणात फर्निचरला पॉलिश मारण्याची आपली रीत आहे. ओल कोंडून ठेवायची याहून चांगली युक्ती नाही. चवथीला धुऊन पुसून घ्या, तेल नोव्हेंबरात लावा.

जेवणाचे टेबल, लहान मुलांचा झोपाळा यांना ट्रीटेड लाकूड सुरक्षित आहे का?

सीसीए सोडून इतर, पूर्ण वाळलेले आणि वरून तेल किंवा स्टेन लावलेले असेल तर बसायला-खेळायला हरकत नाही. जेवणाच्या टेबलाची वरची फळी मात्र मी फणसाची किंवा गाभ्याच्या सागवानाची घेईन आणि सांगाडा ट्रीटेड पाइनचा. खर्चही आटोक्यात राहतो. भाजी चिरायचा पाट, मधमाश्यांची पेटी यांना कोणतेच ट्रीटेड लाकूड नको.

उरलेले तुकडे आणि भुसा?

जाळू नका, हे सगळ्यांत महत्त्वाचे. न्हाणीच्या चुलीत नको, दिवाळीत जाळायच्या नरकासुराच्या सांगाड्यात नको, शेकोटीत नको. सीसीए जळताना आर्सेनिक धुरात आणि राखेत येते, आणि तीच राख आपण माडाच्या आळ्यात टाकतो. भुसा गुरांच्या गोठ्यात किंवा खतातही नको. कापताना तोंडाला मास्क लावा, खाली ताडपत्री अंथरा, गोळा करून पंचायतीच्या किंवा पालिकेच्या कचरा व्यवस्थेत वेगळा सांगून द्या.

पावसाळ्यात ताडपत्रीने झाकून ठेवले तर?

गुंडाळून नको. आत वाफ धरते आणि सप्टेंबरमध्ये उघडल्यावर बुरशी स्वागताला असते. वर आडोसा, बाजू मोकळ्या, खाली वारा. ऑक्टोबरात शेवाळ मऊ ब्रशने आणि साबणाच्या पाण्याने काढा. प्रेशर पंप मारू नका, लाकडाचे तंतू उठतात.

प्लायवूड वापरता येईल?

७१० क्रमांकाच्या भारतीय मानकाचे मरीन प्लाय, तेही छपराखाली. त्याचा डिंक ७२ तास उकळत्या पाण्यात तपासलेला असतो, पण कापलेल्या कडा पाणी पितात. कडांना इपॉक्सी लावल्याशिवाय बाहेर नेऊ नका.

चार फुटी बाकाला किती लाकूड लागते?

पाठ नसलेला साधा बाक धरू. तीन बाय तीन इंची, दीड फूट उंचीचे चार पाय: सुमारे ०.३८ घनफूट. तीन इंच रुंद, एक इंच जाड, चार फूट लांब अशा पाच पट्ट्या: ०.४२. तीन बाय दीड इंचाच्या चार फुटी दोन आडव्या: ०.२५. त्याच मापाच्या सव्वा फुटी दोन: ०.०८. एकूण १.१३ घनफूट. कापण्यात, रंध्यात आणि पांढरा भाग काढण्यात जाते ते धरून दीड घनफूट सांगा. वखारीत हिशेब पटकन करायचा असेल तर चार इंच रुंद, एक इंच जाड फळीचे ३६ फूट म्हणजे एक घनफूट. आणि बिल करताना माप रंधा मारण्याआधीचे धरले आहे की नंतरचे, ते पैसे देण्यापूर्वी विचारून घ्या.